शिपायांचे डोळे

ती. बाबा,
लांबूनच पाया पडते.

आम्ही इथं मजेत आहोत. काल अमेरिकेतलं एक जुनं लढाईचं मैदान पाहिलं. इंग्रज नि फ्रेंच जिथं लढले ते. तिथला जळालेला लाकडी किल्ला पुन्हा बांधलाय. आत शिपायांचे पुतळे आहेत. सगळे किल्ला बघत होते, मी पुतळ्यांचे डोळे. एकाचीही नजर समोरच्यावर ठरत नाय! आपल्या पेणच्या कारखान्यात मी असं वाकडं बुबुळ काढलं, की तुम्ही लगेच पुसायला लावायचात.

परवा व्हिडिओ कॉलवर चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरलात. आई म्हणाली, थंडी वाजते. मे महिन्यात? पेणला?

यंदा मूर्तींचे डोळे कोण आखतंय? आपल्या घरच्या गणपतीचे मात्र कोरे ठेवा. मी येतेय. तुम्ही मागं उभे राहा, आणि रेघ चुकली की पूर्वीसारखे ओरडा.

तुमची,
प्रणिता