आर्मांची जेवणावळ

आमदार हॅस्केलसाहेब,

परवा विधानसभेत तुम्ही म्हणालात, "प्रत्येकाचं दवाखान्याचं बिल राज्याने कशाला भरायचं? आमच्या व्हरमॉन्टमध्ये शेजारी आहेत की!" टाळ्या पडल्या म्हणे.

तुमचे शेजारी मी पाहिलेत. इथे कुणी आजारी पडलं की फायर स्टेशनच्या हॉलमध्ये स्पॅगेटीची जेवणावळ घालतात आणि तिकिटांच्या पैशांतून उपचार भागवतात. शाळेतल्या गोड बाईंच्या वेळी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. माझा नवरा आर्मां मात्र तोंडाचा फटकळ. कुंपणावरून, कुत्र्यावरून, बर्फ कुणी कुणाच्या दारात ढकलला यावरून त्याने अर्ध्या गावाशी वाकडं घेतलेलं. त्याच्या वेळी दोन टेबलंही भरली नाहीत. तुम्ही आलात, दोनदा वाढून घेतलंत. उरलेली पातेली बघून तो मला म्हणाला, "इव्हेट, मला वाटलं, कॅन्सर झाला की पुरे. इथे तर स्वभावही चांगला लागतो!"

पुढचे उपचार झालेच नाहीत. बर्फ वितळायच्या आत तो गेला.

भांडखोराचा कॅन्सरही कॅन्सरच असतो, साहेब. बिल राज्याने भरलं असतं, तर त्याचा स्वभाव कुणी पाहिला नसता.

पण हे पत्र मी टाकणार नाही. गेल्या आठवड्यात माझ्या काखेत गाठ लागली. तेव्हापासून मी गावभर हसून बोलते, केक करून घरोघर पोचवते. उद्या तुमच्याकडेही येईन.

गोड मानून घ्या.

इव्हेट थिबो