केलेला सत्कार रद्द करून अंतिम सामना खेळवण्याबाबत

दि. १९ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
घाटमाथा चषक टेबल टेनिस स्पर्धा,
स्पर्धा कार्यालय, कुसगाव,
ता. मावळ, जि. पुणे.

विषय : माझा सत्कार रद्द करून महिला खुल्या गटाचा अंतिम सामना खेळवण्याबाबत.

संदर्भ : दि. १० नोव्हेंबर रोजी दुपारी माझ्या खांद्यावर टाकण्यात आलेली शाल.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी राजेश्वरी धोंडिबा येवले, वय ५८, राहणार लोणावळा, टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त. टेलिफोन खात्यातून; टेबल टेनिसमधून नव्हे. एवढा फरक आपल्या संयोजन समितीला कळत नसल्याने हा कागद काळा करावा लागत आहे.

१. मी एकोणचाळीस वर्षे स्पर्धा खेळते आहे. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात आजवर तीनदा पोचले आणि तीनदा हरले. यंदा चौथ्यांदा पोचले. उपांत्य सामन्यात माझ्या निम्म्या वयाच्या खेळाडूला पाच गेममध्ये हरवले. डावा गुडघा पट्टीत बांधून खेळले, त्याबद्दल तक्रार नाही. अंतिम सामना सोमाटण्याच्या कु. अरफा मुलाणी, वय १९, हिच्याशी होता. ही मुलगी फटका मारते तेव्हा चेंडू दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो परतवता यावा म्हणून मी जूनपासून रोज सकाळी सराव करत होते.

२. सामन्याला दहा मिनिटे असताना समितीचे अध्यक्ष श्री. हनुमंतराव शेलार यांनी ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले. मला वाटले, सामन्यासाठीच बोलावतात. मंचावर एका कार्यकर्त्याने "ताई, हे धरतो मी" म्हणत माझी बॅट काढून घेतली आणि त्याच हातात नारळ दिला. शाल पडली, फोटो निघाले. चारचौघांत करतात तसे मीही हात जोडले, हसले आणि "आभारी आहे" म्हणाले. ही माझी चूक, ती मान्य करते. कारण पाठोपाठ अध्यक्षांनी जाहीर केले की, राजेश्वरीताईंनी खेळातून निवृत्ती स्वीकारली असून अरफा मुलाणी विजेती आहे.

३. मी बॅट परत मागितली. त्यावर अध्यक्षांनी दिलेले उत्तर शब्दशः नोंदवते : "ताई, सत्कार झालेल्या मान्सानं पुन्हा खेळायला उतरनं बरं दिसत न्हाई. ह्या पोरीनं हरवलं तर शालीची काय इज्जत ऱ्हाईल?" मी हरणार हे कोणी ठरवले, असे विचारता म्हणाले, "आमी तुमचा मानच ठिवतोय की!" महोदय, मला त्या क्षणी किळस आली. मान द्यायच्या नावाखाली माणसाला उचलून बाजूला ठेवायचे आणि वर त्यालाच हात जोडायला लावायचे, या प्रकाराची मला शिसारी आहे. स्पर्धेची नियमपुस्तिका मी दोनदा वाचली. तिच्यात शालीबद्दल एक अक्षर नाही.

४. प्रकरण एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळले असते. पण समितीने सोमाटणे फाट्यावर फलक लावला आहे. त्यावर बारा शुभेच्छुकांचे चेहरे ताटाएवढे आणि माझा बशीएवढा. त्या बशीभोवती फुलांचा हार छापला आहे. तो पाहून माझी आत्या बयाबाई भुशीहून रिक्षा करून रडतच आली. मी दार उघडले तर तिने आधी माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "बये, तू हायस व्हय! मला वाटलं, आटपलं समदं." तिची समजूत घालण्यात माझी सकाळ गेली. त्याहून वाईट म्हणजे, आता सरावाला गेले की मुले मला खुर्ची आणून देतात. खुर्चीत बसायला मी तिथे जात नाही.

५. परवा अरफा स्वतः घरी आली. पिशवीतून चषक काढून तिने ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हा मला नको. न खेळता जिंकले असं सांगायची लाज वाटते. मला तुमच्याशी खेळायचंय." एकोणीस वर्षांच्या मुलीला जे कळते ते अख्ख्या समितीला कळू नये, याचे मला वाईट वाटते. तिच्याकडून मी हरेन, हे मला चांगले ठाऊक आहे. हरायची मला सवय आहे. पण तिन्ही वेळा मी हातात बॅट घेऊन हरले, नारळ घेऊन नव्हे.

सबब विनंती की, रविवार दि. १ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता हा सामना खेळवावा. सभागृह उघडून द्यावे, एक पंच द्यावा आणि माझी बॅट समितीकडेच राहिली आहे, ती तेवढी त्याआधी परत करावी. मंच, ध्वनिक्षेपक व अध्यक्ष नसले तरी चालेल. हरले तर अरफाशी हात मिळवून घरी जाईन. जिंकले तरी कृपा करून सत्कार करू नये.

आपली नम्र, पण निवृत्त न झालेली,

(सही)
राजेश्वरी धोंडिबा येवले

सोबत :
१) शाल, एक.
२) नारळ, एक. हलवून पाहिला, आत पाणी नाही.
३) कु. अरफा मुलाणी हिचे सामना खेळण्याबाबतचे संमतीपत्र.
४) चषक. त्यावर विजेतीच्या नावाची पट्टी अजून कोरी आहे. ती रविवारी दुपारपर्यंत कोरीच ठेवावी.