मुरगावच्या अलीकडे

हेब्बाळ, बंगळूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे पत्र हातानेच लिहिते आहे, अक्षराला हसू नये. तुम्ही जहाजावर असताना आई आणि मी पत्रं लिहायचो, ती सवय तुम्हाला सुटत नाही. फोनवर तर तुम्ही अजून डेकवरून खलाशाला हाक मारावी तसे बोलता, त्यामुळे माझ्या कानांनाही पत्रच बरं. ऑफिसात काम नेहमीसारखंच आहे. तळ्यावर थंडीचे पाहुणे पक्षी आलेत, सकाळी फिरायला जाते तेव्हा दिसतात.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात दिवसभर तुमचा फोन लागला नाही, म्हणून मी यशवंतपूरहून मिळेल ती गाडी धरून कारवारला आले. तर तुम्ही बैतकोलच्या धक्क्यावर बोटीचं बूड खरवडत बसला होतात आणि फोन घरी उशीखाली होता. मला पाहून तुम्ही विचारलंत, की आज सुट्टी आहे का. मी हसले, पण गाडीत बसून काय काय डोळ्यांपुढे आणलं होतं ते सांगितलं नाही.

चाळीस वर्षं तुम्ही मोठी मालवाहू जहाजं चालवलीत, मान्य आहे. पण त्यांच्यावर वीस-पंचवीस माणसं होती. या शिडाच्या बोटीवर तुम्ही एकटे, फार तर सोबतीला कृष्णातकाका. आईला समुद्राची भीती वाटायची म्हणून बोटीला तिचंच नाव ठेवलंत, आता तिला यावंच लागतं, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. तीन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, तुम्ही बोट घेतलीत तेव्हा मीही हसले होते. आता नाही हसू येत.

मला वादळाची एवढी भीती नाही, तुमच्या स्वभावाची आहे. रस्ता चुकला तरी तुम्ही गाडी मागे वळवत नाही. गोकाकचा धबधबा बघायला निघालो आणि तुम्ही आम्हाला साखर कारखान्याच्या फाटकाशी नेलंत, वर म्हणालात, की हाच बघायचा होता. जमिनीवर हे चालून जातं. पाण्यावर कसं चालेल? बोट विका आणि इकडे या. एक खोली तुमच्यासाठी रिकामीच आहे, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो.

राग आला तर पत्रातच काढा, जेवणावर नको. माया आहे ती वाढवा, मीठ कमी करा.

तुमची,
कस्तुरी


बैतकोल, कारवार
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर डॉक्टरीण झाल्यासारखं आहे. कारखान्याचा विषय तू अजून किती वर्षं काढणार आहेस?

राग आला नाही. तू काळजी करतेस ती खोटी नाही. एकाहत्तरी उलटली, गुडघे भरती-ओहोटी सांगायला लागलेत. पण बोट विकून तळ्याचा तुकडा बघत बसायचं म्हणजे मला कठीण आहे, हे स्पष्ट लिहितो. तुझ्या आईनंतर सकाळी उठायला ही बोटच एक कारण उरली आहे.

म्हणून एक करार करू. डिसेंबर अखेरीस मी कारवारहून मुरगाव बंदरापर्यंत शिडावर जाईन. पोचलो, तर बोट विकण्याची गोष्ट तू पुन्हा काढायची नाहीस. नाही पोचलो, तर बोट विकून मी तुझ्याकडे येईन आणि कुरकुर करणार नाही. मान्य असेल तर तसं लिहून पाठव.

सोबत कृष्णात येईल. वीज खात्यातून निवृत्त झालेला निपाणीचा माणूस, त्याला पाणी म्हणजे विहिरीचं ठाऊक. दोन वर्षं शिकवतो आहे, तरी नाळेला पुढची बाजू आणि वरामीला मागची बाजू म्हणतो. पण सुकाणूला हात घट्ट आहे, आणि सांगितलेलं ऐकतो. तुझ्यासारखा वाद घालत नाही.

बेत असा. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, त्यावर निघायचं आणि किनारा नजरेआड होऊ द्यायचा नाही. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, तो आमच्या तोंडावर असणार. तोंडावरच्या वाऱ्यात शिडाची बोट सरळ जात नाही, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशी नागमोडी चढवावी लागते. तिथेच खरा कस लागेल. दोघांच्याही कमरेला दोर राहील, त्याचं दुसरं टोक बोटीला. रेडिओ, होकायंत्र आणि संकटात पेटवायच्या लाल नळ्या नवीन घेतल्या आहेत.

प्रत्येक बोटीमागे किनाऱ्यावर एक जागं माणूस लागतं. बोट कुठून कुठे जाते आहे हे ज्याला माहीत आहे आणि वेळेत खबर आली नाही तर जो तटरक्षक दलाला कळवतो, असं माणूस. ते काम तुझं. भिणारं माणूस या कामाला उत्तम.

मीठ कमी केलं आहे. तुझं प्रेम आहे तसंच असू दे.

तुझा,
बाबा


हेब्बाळ, बंगळूर
४ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

करार मान्य. लिहून देते : मुरगाव गाठलंत तर मी गप्प, नाहीतर 'शुभदा' विकायची. पळवाटा दोघांनीही काढायच्या नाहीत.

तुमच्या फोनचा ठिपका माझ्या फोनवर नकाशात दिसेल अशी सोय केली आहे. किनाऱ्यापासून लांब गेलात की ठिपका थांबेल, तेवढं मी समजून घेईन. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मी तटरक्षक दलाचा १५५४ लावणार, मग तुम्ही किती का रागावा. त्या दिवसाची रजा मागितली होती. साहेबांनी कारण विचारलं. माझे वडील समुद्रात असणार आहेत आणि मी त्यांची किनाऱ्यावरची माणूस आहे, असं सांगितलं, तर ते म्हणाले, की घरूनच काम कर. बंगळूरला समुद्राचं एवढंच कळतं.

खरं सांगू? तुम्ही पोचू नये असं मला वाटतं, आणि हे वाटतं याची लाजही वाटते. काकांना म्हणावं, पोट सांभाळा.

जिव्हाळा आहेच, तो कोरडा राहो.

तुमची,
कस्तुरी


बैतकोल, कारवार
२९ डिसेंबर २०२४

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला सुखरूप आहोत एवढंच सांगितलं, बाकीचं लिहितो म्हणालो होतो. ते हे.

सकाळ फार सुंदर गेली. मतलई वाऱ्यावर शीड भरलं आणि 'शुभदा' अशी धावली की कृष्णात मोठ्याने अभंग म्हणायला लागला. दुपारी वारा फिरला आणि तोंडावर आला. लाट वाढली, पण वाईट नव्हती. काब-द-रामचं टोक ओलांडलं तेव्हा मी मनात तुझ्याशी बोलूनही घेतलं, की बघ, निम्म्याहून पुढे आलो.

तिथून कृष्णात आजारी पडला. बोट लागली. आधी उलट्या, मग प्यायलेलं पाणीही पोटात राहीना. त्याने दोर हातात घेतला तर तो धरवेना. तो एकसारखा म्हणत होता, की अण्णा, थांबू नका, मी पडून राहतो, तुमची बोट जाईल. करार त्याला मीच सांगितला होता.

त्याला आत झोपवून मी एकट्याने बोट मुरगावला नेली असती. जमलं असतं, असं मला आजही वाटतं. पण सुकाणू आणि शीड एकट्याने सांभाळताना त्याच्याकडे बघायला कोणी उरलं नसतं, आणि बंदरात शिरेपर्यंत अंधार पडला असता. मी बोट वळवली. वारा पाठीवर येताच लाट मऊ झाली. पाळोळ्याच्या आडोशाला नांगर टाकला, एका मासेमाऱ्याने आपल्या होडीतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. डॉक्टरने कृष्णातला सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी त्याला बसने घरी धाडला, आणि पाळोळ्याच्याच एका खलाशाला सोबत घेऊन बोट परत आणली.

पाळोळे गोव्यातच येतं, हे मला ठाऊक आहे. पण करार मुरगावचा होता.

तेव्हा मी हरलो. बोटीला गिऱ्हाईकही मिळालं आहे. तुमच्या बंगळुरात इंदिरानगरला मंजुनाथ म्हणून एक गृहस्थ माशांचं हॉटेल काढतो आहे. त्याला अंगणात ठेवायला खरी शिडाची बोट हवी आहे. मी हो म्हटलं. डोलकाठी थोडी कापावी लागेल म्हणाला, त्यालाही हो म्हटलं. आता ती पाण्यात जाणार नाही, मग काठी उंच काय नि ठेंगणी काय.

तुझ्या खोलीत माझं सामान फार होणार नाही. होकायंत्र तेवढं आणीन, तळ्याची दिशा बघायला.

तुझा,
बाबा


हेब्बाळ, बंगळूर
६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझ्या बाजूने त्या दिवसाचं सांगते. सकाळपासून लॅपटॉपवर मीटिंग चालू आणि शेजारी फोनवर तुमचा ठिपका. दुपारी ठिपका थांबला. नेटवर्क नसेल, असं स्वतःला समजावत राहिले. मीटिंगमध्ये माझं नाव कोणी घेतलं तर मी नुसतं हो म्हणत होते, त्यामुळे आता मला दोन जास्तीची कामं आली आहेत. १५५४ नंबर समोर लिहून ठेवला होता. मग ठिपका पुन्हा दिसला, आणि तो दक्षिणेकडे सरकत होता.

तुम्ही वळलात, हे कळायला मला थोडा वेळ लागला. करार मोडतो आहे, बोट जाणार आहे, हे सगळं माहीत असून तुम्ही वळला होतात. मी कॅमेरा बंद केला आणि भरपूर रडले. आई गेल्यापासून तुमच्याबद्दल छातीत जे धरून बसले होते ते त्या दिवशी सुटलं. बाबा, मला भीती होती ती हीच, की तुम्ही मागे फिरणार नाही. तुम्ही पोचला असतात तर मी कराराप्रमाणे गप्प बसले असते, पण घाबरायची थांबले नसते.

अट तुम्ही घातलीत, पण ती मान्य करताना मी चुकले. आमच्याकडे कामाला लक्ष्य ठरवून देतात, ते गाठलं की शाबासकी, नाही गाठलं की नापास. तेच मी तुमच्या समुद्राला लावलं.

रविवारी इंदिरानगरला जाऊन आले. मंजुनाथ सज्जन माणूस आहे, मला मासे खाऊ घातले. बोटीची जागाही दाखवली. एका बाजूला गाड्या लावायची जागा आणि दुसऱ्या बाजूला हात धुवायची बेसिनं, मध्ये 'शुभदा'. पोटात बर्फ भरून त्यावर पापलेट मांडणार म्हणाले. मला आईचं नाव त्या बर्फावर दिसलं आणि पुढचं ऐकू येईना.

मी त्यांना सांगितलं, की बोट मिळणार नाही. वडिलांनी शब्द दिला आहे, तो त्यांनी मोडलेला नाही, त्यांच्या मुलीने मोडला आहे. ते थोडे हिरमुसले. मग मी त्यांना ठिपक्याची गोष्ट सांगितली. ते उठून आत गेले, माझ्यासाठी कॉफी घेऊन आले आणि म्हणाले, की सरी मॅडम, ठीक आहे, पण एखादा जुना नांगर तरी असेल का. बाबा, तो तुम्ही त्यांना द्याच.

आपल्या करारातला माझा हक्कही मीच सोडते. कप्तानांनी शब्द पाळला, आता मुलीचं ऐकावं. खोली रिकामी राहील, पावसाळ्यात बोट वर ओढली की येत जा.

आणि मुरगाव राहिलं आहे. कृष्णातकाका पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाहीत, असं काकूंकडून कळलं. त्यांच्या जागेसाठी हा माझा अर्ज समजावा. मला सोसायटीच्या तलावात पोहता येतं. उलट्या होतील का ते सांगता येत नाही, पण झाल्या तर तुम्ही बोट वळवाल, हे मला माहीत आहे.

तुमची,
कस्तुरी


बैतकोल, कारवार
१४ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र कृष्णातला वाचून दाखवलं. मध्ये मला चष्मा पुसावा लागला, तोवर पुढचं त्याने वाचलं. बोट तो आता दुरूनच बघणार आहे. किनाऱ्यावरचं माणूस म्हणून त्याची नेमणूक केली आहे. बसल्या जागी करायचं काम म्हणून खूश आहे.

नांगर मंजुनाथना पाठवला.

अर्ज मंजूर. फेब्रुवारीत ये, वारा तेव्हा बरा असतो. तुझ्यासाठी लाइफ जॅकेट मागवायचं आहे, ते वजनावर मिळतं. वजन कळव. खरं कळव, कस्तुरी. समुद्रात मी तेवढ्याच वजनाचा भरवसा धरणार आहे.

तिळगूळ वेगळा पाठवतो. गोड बोल, आणि लवकर ये.

तुझा,
बाबा