मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे

ब्राउनश्वाइग,
३ नोव्हेंबर २००४

ती. स्व. स्नेहलता आत्यास,
शमिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं मेतकूट सुखरूप पोचलं. मी मात्र सायकलवरून पडले. गुडघा फुटला, अब्रू बरीचशी शाबूत आहे. इथे पाचलाच अंधार पडतो आणि मला सहा वाजता झोप येते.

आता रडगाणं. माझ्यासोबत पीएचडी करणारी एस्टेल तू फोटोत पाहिलीस. ती कॅमेरूनची, आमच्या अख्ख्या संस्थेत एकटीच कृष्णवर्णीय. गाड्यांच्या ब्रेकच्या कंपनांची मोजमापं दोन वर्षं तिने घेतली. प्रोफेसरांचा शोधनिबंध छापून आला, त्यावर हिचं नावच नाही. महिन्याच्या बैठकीत तिने विचारलं, मोजमापं माझी आहेत, मग नाव का नाही? त्याच बैठकीत आमच्यासोबतच्या टोबियासने, निबंधावर आपलं नाव दुसरं हवं होतं, तिसरं कसं, म्हणून टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली. त्याच्याबद्दल प्रोफेसर म्हणाले, या मुलाला कणा आहे. एस्टेलला म्हणाले, इतकं आक्रमक होऊ नये.

त्या दिवशी प्रोटोकोल, म्हणजे तुझं इतिवृत्त, लिहायची पाळी माझी होती. मी लिहिलं, ‘टोबियास यांनी भूमिका ठामपणे मांडली. एस्टेल यांनी आवाज चढवला.’ आता तिच्या कराराची मुदत वाढवायची की नाही हे ठरतंय आणि प्रोफेसरांनी माझंच वाक्य पुढे केलंय. मी तिला कॉफीच्या यंत्रापाशी गाठून माफी मागितली. ती म्हणाली, जिथे लिहिलंस तिथे बोल, इथे मला माफी नको. अगदी हळू म्हणाली. तेव्हा आठवलं, बैठकीतही ती एवढ्याच आवाजात बोलली होती.

माझा करारही त्याच प्रोफेसरांच्या हातात आहे. घाबरलेय गं. तू एकतीस वर्षं कचेरीत इतिवृत्तं लिहिलीस, काय करू ते सांग. आतोबांना नमस्कार.

तुझी बोलणी खायला तयार असलेली,
शमिका


सातारा,
१५ नोव्हेंबर २००४

चि. शमिकास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले. हसले ते गुडघ्यावरून.

अगं, इतिवृत्तात कोण काय बोललं ते लिहायचं, कोणत्या आवाजात ते नाही. हे मला हेडक्लार्कांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं. पण मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. कचेरीत फायली आपटणारे पुरुष स्पष्टवक्ते आणि हक्काची रजा मागणाऱ्या झाडूवाल्या यमुनाबाई तोंडाळ. हे ‘तोंडाळ’ मीसुद्धा डबा खाताना म्हटलंय, आज लाज वाटते. एस्टेल काळी म्हणून तिचा साधा प्रश्न तुझ्या कानाला ओरडणं वाटला. आपल्याकडे लग्न ठरवताना म्हणतात ना, मुलगी सावळी आहे, पण स्वभावाने गरीब. सावळी असली की तिला गरीब असावंच लागतं. तेच तू तिकडे नेलंस.

उपाय सोपा आहे. कुठल्याही बैठकीचा पहिला विषय म्हणजे मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. तो सगळे पेंगत मंजूर करतात. तिथेच उभी राहा. एकदा कायम झालं की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. आणि दुरुस्ती काय हवी ते आधी एस्टेलला विचार, तिच्या वतीने शहाणपणा करू नकोस.

करार गेलाच तर इथे मेतकूट-भात आहे. आतोबा म्हणतात, नोकरीची एवढी काय ती काळजी! ते निवृत्त आहेत, त्यांना म्हणायला काय जातं.

माया आहेच, पण या खेपेस ती कमवावी लागेल.
तुझी,
स्नेहलता आत्या


ब्राउनश्वाइग,
९ डिसेंबर २००४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं! दुरुस्ती एस्टेलने स्वतःच लिहून दिली, दोनच ओळी. प्रश्न काय विचारला, आणि उत्तर मिळालं नाही. शिवाय दोन वर्षांच्या मोजमापांच्या वह्या तिने तारखांसकट टेबलावर मांडल्या.

प्रोफेसर ‘हो, हो, मंजूर’ म्हणत पुढे निघाले तशी मी उभी राहिले. आत्या, मी शांतपणे बोलणार होते. पण जो आवाज निघाला तो शेजारच्या कार्यशाळेत पोचला. माझं जर्मन पार कोसळलं. म्हटलं, मी खोटं लिहिलं, ती ओरडलीच नव्हती, मूठ आपटली होती ती टोबियासने! टोबियास लालबुंद झाला, पण म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असंच झालं होतं.

वह्यांपुढे प्रोफेसरांचं काही चाललं नाही. नियतकालिकाला कळवून एस्टेलचं नाव घालायचं कबूल झालं आणि तिच्या मुदतवाढीवर परवा सहीही झाली. नाव पहिलं हवं असं ती म्हणतेय, तिचं ते भांडण अजून चालू आहे.

पण गंमत पुढेच. उठताना प्रोफेसर माझ्याकडे बोट करून एस्टेलला म्हणाले, पाहा, असं सौम्यपणे मांडलं की लोक ऐकतात. आणि काल नवा प्रोटोकोल आला, टोबियासच्या हातचा. ‘शमिका यांनी शांतपणे दुरुस्ती सुचवली.’ आत्या, मी किंचाळले होते गं! एस्टेल इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग हसू ओसरलं आणि म्हणाली, हेच तर मी दोन वर्षं सांगतेय.

जानेवारीत पहिल्याच विषयाला मी पुन्हा उभी राहणार आहे. माझी दुरुस्ती एस्टेलने तपासून ठेवलीय: ‘शांतपणे’ हा शब्द वगळावा. शमिका यांनी आवाज चढवला.

माया कमावली का ते कळव.
तुझीच,
शमिका