वास मला आला होता

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं कुशल आहे असं खोटं लिहवत नाही. मंगळवारी आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मासळी आली. पेटीचं झाकण उघडलं आणि मला उमासाच आला. गोडसर, कुजका, घशाला चिकटून बसणारा वास. मुख्य आचाऱ्यांना म्हटलं, जरा बघता का. त्यांनी लांबूनच हुंगलं आणि म्हणाले, मासळीला मासळीचाच वास येणार. कामावरच्या बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मग मलाच वाटलं, आपलंच नाक मेलं विचित्र, आपल्याला काय कळतंय. माझ्याच हातांनी ती धुतली, शिजवली, वाढली.

दुसऱ्या दिवशी खोल्याखोल्यांतून ओकाऱ्या. कोपऱ्यातल्या खोलीतले शिक्षक आजोबा अजून दवाखान्यात आहेत. घाण चादरी मीच धुतल्या. ताई, माझी मलाच शिसारी येते गं. असल्या बिनडोक बाईने कुणाला खायला घालू नये. नोकरी सोडते आणि तुझ्याकडे येते, एका कोपऱ्यात पडून राहीन.

जमलं तर माया कर.
तुझी नालायक,
ठकू

---

१० मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून किळस आली, आणि ती मासळीची नव्हे. 'मला काय कळतंय' या तुझ्या पालुपदाची आली. लहानपणापासून ऐकून कान किटलेत माझे.

अगं बाई, वास तुला आला होता! अख्ख्या स्वयंपाकघरात एकटीला. ज्यांना आला नाही ते शहाणे आणि जिला आला ती बिनडोक, हा कुठला न्याय? चूक तुझी आहेच, मी पांघरूण घालणार नाही. पण ती नाकाची नाही. नाक सांगत असताना तू त्याला गप्प बसवलंस, ती चूक. आणि आता स्वतःला नालायक म्हणवून घेतेस, कारण ते सोपं आहे. नालायक माणसाला पुढच्या वेळी तोंड उघडावं लागत नाही.

इकडे खुशाल ये, पण पाहुणी म्हणून. पायपुसणं आमच्याकडे आहे.

रागावलीस तरी पत्र पाठवायचं थांबवू नकोस.
तुझी ताई

---

६ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावले होते, म्हणून उशीर. नोकरी सोडलेली नाही. शिक्षक आजोबा परत आले. त्यांच्या पलंगाशी जाऊन सांगून टाकलं, की वास मला आला होता आणि तरी मी वाढलं. ते उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी ओरड."

काल ओरडले. दूध तापवायला घेतलं तर आंबूस, कुबट भपकारा. मुख्य आचारी म्हणाले चांगलं आहे. मी ऐकलं नाही, पातेलंच मोरीत उपडं केलं. साऱ्या आश्रमाला बिनदुधाचा चहा. मागाहून कळलं, दूध छान होतं. वास ओट्यामागे पडलेल्या पोतेऱ्याचा होता. बुळबुळीत, काळं, शी! आचाऱ्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली, बाकीच्यांची तर करमणूकच झाली.

मी म्हटलं, चुकले. ते पोतेरं चिमटीत धरून फेकून आले, हात धुतले आणि कांदे चिरायला बसले. घरी येऊन पाय धुताना लक्षात आलं, दिवसभरात मी स्वतःला एकही शिवी दिली नव्हती.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ठकू