जुन्या मशीनने वाटलेले पत्ते

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. सुट्ट्या लागल्यात, तरी पूजेपुरते कॉलेजात गेलो. तेलंगणातलं आमचं इचोडा, सगळ्या गावात ट्रकांना हार, दुकानांना हार, आणि आमच्या लॅबमध्ये साठ कॉम्प्युटरना हळदकुंकू. प्रिन्सिपल साहेबांचा नियम कडक: चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, आधी सगळं बंद. मेन सर्व्हर बंद केला. कुसुमताईंनी स्टोअरमधलं जुनं मशीनही बंद केलं आणि त्याच्यापुढे पान-सुपारी ठेवली. म्हणाल्या, तेही राबलंय इतकी वर्षं. त्या लॅब असिस्टंट, मी नेटवर्कवाला. बारा वर्षं एका खोलीत काढली आम्ही.

नारळ मी फोडला. पाच किलोमीटर चालून आल्यासारखा घाम आला, वय झालं.

६ ऑक्टो., सोम.
वाईट दिवस. सुट्टीनंतरचा पहिला, आणि तिसऱ्या वर्षाची ऑनलाइन परीक्षा. ताईंनी नऊला सगळं चालू केलं. साडेनऊला अर्ध्या मशीनवर पेपर उघडेना. बघतो तर तिथे जुन्या सिरीजचे नेटवर्कचे पत्ते, म्हणजे आयपी नंबर. ती सिरीज मी उन्हाळ्यातच मोडीत काढली. आता ती फक्त ताईंच्या वहीत उरली आहे. पूर्वी त्या वहीत बघून एकेका मशीनला हाताने पत्ता टाकायच्या. म्हटलं, झालं, सवय जात नाही.

त्या म्हणाल्या, मी हात नाही लावला सर. मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो, मग पत्ते काय आभाळातून पडले?

दहा-बारा मशीन हाताने दुरुस्त केली. बाराला करंट गेला, लॅब यूपीएसवर तरली. नंतर उरलेली बंद-चालू केली तर आपोआप सुधारली. तोवर परीक्षेची वेळ गेली होती; एकतीस जणांचा पेपर बुडाला.

७ ऑक्टो., मंगळ.
रिपोर्ट दिला. एक पान, इंग्रजीत. कारण: पत्ते हाताने चुकीचे भरले गेले. नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

१० ऑक्टो., शुक्र.
ताईंची बदली. संस्थेची नार्नूरला निवासी शाळा आहे, तिथे. ताई राहतात बोथ गावाकडच्या खेड्यात. म्हणजे आधी इचोडा, मग उटनूर, मग नार्नूर. रोज तीन बस. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी मान वर केली नाही, उगाच कीबोर्ड बडवत बसलो.

१८ ऑक्टो., शनि.
फेरपरीक्षा सुरळीत. साहेब खूश. दिवाळीच्या सुट्ट्या सुरू.

पत्ते आपोआप वाटणारी सर्व्हिस पहिल्यांदा बसवली तेव्हा ताईंना समजावून सांगितलं होतं. मशीन चालू झालं की विचारतं, माझा पत्ता काय? मागे एक सर्व्हिस गुपचूप चालू असते, ती सांगते, तुझा हा. वही नको, लिहिणं नको. त्या हसून म्हणाल्या, "म्हंजे बारशाची आत्याच म्हना नं." मग मी सगळ्यांना त्या सर्व्हिसची ओळख आत्या म्हणूनच करून द्यायचो.

२७ ऑक्टो., सोम.
साहेबांना जुने निकाल हवे होते. ते स्टोअरमधल्या मशीनवर. गेलो, चालू केलं. दहा मिनिटांत लॅबमधून ओरड, नेट गेलं. धावत आलो. मशीनांवर जुन्या सिरीजचे पत्ते.

परत स्टोअरमध्ये जाऊन ते मशीन बंद केलं.

उन्हाळ्यात मेन सर्व्हरवर नवी सर्व्हिस सुरू केली तेव्हा त्या मशीनवरची जुनी मी थांबवली होती. काढून टाकली नव्हती. मशीन बंद न होता तसंच चालत राहिलं, म्हणून सर्व्हिस थांबलेलीच राहिली. खंडेनवमीला ते बंद झालं, सहा तारखेला बाकीच्यांबरोबर चालू झालं, आणि उठल्याबरोबर पत्ते वाटायला लागलं. बाराला करंट गेला तेव्हा विझलं ते आजवर बंदच, कारण स्टोअरच्या यूपीएसची बॅटरी आता बसली आहे. मला वाटलं, मी दुरुस्त केलं.

पत्ता हाताने टाकलाय की आपोआप आलाय, हे मशीनवरच दिसतं. बघायला अर्धं मिनिट लागतं. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि बघितलं नाही.

आज सर्व्हिस मुळासकट काढली. कोणाला सांगितलं नाही. उद्या सांगू.

३० ऑक्टो., गुरु.
साहेबांनी बोलावलं. ताईंचा करार वाढवायचा तर संस्थेला माफीनामा पाहिजे. नार्नूरहून तो सही होऊन आला होता. "माझ्या चुकीमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले." खाली साक्षीदाराची जागा रिकामी. साहेब म्हणाले, तुमची करून टाका. पेन पुढे केलं.

केली.

२ नोव्हें., रवि.
बायकोला, मंजूला, जुन्या मशीनचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, आणि तुम्ही काय केलंत? सहीचं सांगितलं नाही तिला. जेवण गेलं नाही. माझा मलाच राग येतो आणि तो निघतो घरातल्यांवर.

६ नोव्हें., गुरु.
रजा टाकून नार्नूरला गेलो. इचोड्याहून दोन बस. ताई रोज तीन करतात.

शाळेत त्यांना धान्याच्या कोठीचा हिशेब दिलाय. मला बघून आधी खुर्ची पुसली. सांगितलं सगळं: जुनं मशीन, सर्व्हिस, करंट. मग म्हणाल्या, "मले तं वाटलं का माह्याच हातून झालं. इसरली असन म्हनून मी सोताचीच समजूत घातली."

माफी मागितली. त्या म्हणाल्या, तोंडी नको. कागदावर लिहा, आणि तेलुगूत लिहा, इथल्या हेडमास्तरांना मराठी येत नाही. ते सगळ्या स्टाफसमोर ताईंना "परीक्षावाली अम्मा" म्हणतात.

चहा पाजला. मला कधी कळलं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१० नोव्हें., सोम.
साहेबांना सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, वदिलेय्यंडि, सोडून द्या, फाईल बंद झाली. लेखी दिलंत तर कमिटीपुढे तुम्हालाच उभं राहावं लागेल. आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. त्याचा जास्त त्रास झाला.

१३ नोव्हें., गुरु.
तेलुगू पत्र लिहायला तीन दिवस लागले. बोलता फाडफाड येतं, लिहिताना अक्षर गोल होता होत नाही. चूक माझी, ताईंचा काही संबंध नाही, बदली अन्यायाची, सगळं लिहिलं. एक प्रत संस्थेला पाठवायची. मंजू म्हणाली, उशिरा का होईना. त्या शब्दांनी थोडं हलकं वाटलं.

१५ नोव्हें., शनि.
पुन्हा नार्नूर. पत्र आधी ताईंना दाखवलं. पोरांच्या जेवणाची वेळ होती. पदराला हात पुसून त्यांनी पत्र दोनदा वाचलं. तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं वाचतात.

म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, पण तारीख नाही. "तुमाले कवा मालूम पडलं?"

खोटं बोलता आलं असतं. पहिल्यांदा इथे आलो त्याच्या आदल्या दिवशी, असं म्हणू शकलो असतो. सत्तावीसला, म्हणालो.

एका पोराला भात कमी पडला, ताई तो वाढून आल्या. मग बसल्या.

"माफीनाम्याची नक्कल आली मले. त्याच्यावर तुमची तिसाची सही पाह्यली मी. मंग ती काऊन केली सर?"

दोन बसच्या प्रवासात शंभर गोष्टी मनात जुळवल्या होत्या, ही नव्हती. साहेबांनी पेन पुढे केलं, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. रागावल्या नाहीत. "हेबी लिहून आना," एवढंच म्हणाल्या, आणि उष्टी ताटं गोळा करायला गेल्या.

पत्र समोर आहे. दोन ओळी वाढवायच्या: कळल्याची तारीख आणि सही. संस्थेची प्रतही अजून पाठवलेली नाही. घरी आल्यापासून त्या ओळींचा तेलुगूतला पहिला शब्द जुळवतोय.