श्वास रोखून धरा

३ फेब्रुवारी

लागली एकदाची नोकरी, आणि तीही सावलीतली. निघताना ताईने ही वही पिशवीत कोंबली आणि बजावलं, की तुझ्या पायाला भिंगरी आहे, एका जागी टिकत नाहीस, रोज चार ओळी लिही म्हणजे निदान तेवढा वेळ तरी बूड टेकेल. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर पेन धरतोय ते थेट आज. अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले. असो. वाचणार ताईच, आणि माझं अक्षर तिला एकटीलाच लागतं.

स्कॅन सेंटर तळघरात आहे. जिना उतरलं की लांब बोळ, एका बाजूला बाकडी, दुसऱ्या बाजूला जाड दार, दारावर लाल दिवा. खिडकी नावाला नाही, पण हवा थंडगार. याआधी बसच्या अड्ड्यावर गावांची नावं ओरडून घसा बसवला, त्याआधी विटा वाहिल्या. इथे निळे कपडे मिळाले, त्याला खिसा, खिशात पेन. आरशात पाहिलं तर अर्धा डॉक्टर. काम काय, तर पेशंटना चाकाच्या खुर्चीवरून आणायचं, टेबलावर निजवायचं, परत उठवायचं. मशीन चालवतो त्या टेक्निशियनला सगळे दादा म्हणतात. फोटो वाचतात त्या डॉक्टर मॅडम. दादाने माझा आवाज ऐकला आणि पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं: भोंगा.

प्रवासाने कंबरेत डावीकडे उसण भरलीय. जाईल.

५ फेब्रुवारी

काम समजलं. मशीन म्हणजे उभं ठेवलेलं पांढरं भलंमोठं कडं. टेबल पेशंटला घेऊन त्यातून आत-बाहेर सरकतं. आमच्याकडे बहुतेक किडनीचे पेशंट. कुणाला खडा, कुणाला सूज, कुणाच्या किडनीवर गाठ. एक फेरी साधी काढतात, मग शिरेतून औषध देऊन दुसरी. दादाने सांगितलं, नुसती पाण्याची पिशवी असेल तर ती औषध पीत नाही, आधी होती तशीच काळी राहते. गाठ मात्र पिते, आणि फोटोत उजळते. मी विचारलं, पिते म्हणजे काय. म्हणाला, जिवंत असते ना, तहान लागते तिला. एवढं बोलून स्वतः चहा प्यायला लागला.

फोटो निघेपर्यंत श्वास रोखायचा असतो. श्वास चालू राहिला की किडनी खालीवर होते, फोटो पुसट येतो, बारकी गाठ निसटून जाते. त्यासाठी मशीनमध्ये एक आवाज भरून ठेवलाय. म्हाताऱ्या माणसाचा, खरखरीत. आधी सांगतो, श्वास आत घ्या, रोखून धरा, हलू नका. फोटो निघाला की सांगतो, सोडा आता, झालं बरं का. ते ‘झालं बरं का’ इतकं मायेने म्हणतो, की पेशंटच्या आधी मीच श्वास सोडतो.

झाडलोट करायला एक मावशी आहेत. सकाळी दादा रिकामं मशीन चालवून बघतो, तेव्हा त्या बादली बाजूला ठेवून दारासमोरच्या बाकावर बसतात, मान कलती करून. आवाज बोलून झाला की उठतात आणि फरशी पुसायला लागतात. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

१० फेब्रुवारी

पेशंटची तक्रार गेली, की मशीनमधल्या म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य नीट ऐकू येत नाही. मॅडम म्हणाल्या, नवीन आवाज भरा. दादा म्हणाला, आपला भोंगा कधी कामाला येणार.

मला माइकसमोर बसवलं. हिरवा दिवा लागला की बोलायचं, विझला की थांबायचं. पहिलं वाक्य झोकात म्हटलं. श्वास आत घ्या. रोखून धरा. हलू नका. आणि म्हणता म्हणता मीही श्वास रोखला. सवय. दिवसभर पेशंटबरोबर मी पण रोखतोच. दुसऱ्या वाक्यासाठी हिरवा दिवा लागला, आणि मी आपला गाल फुगवून गप्प. श्वास धरलेला माणूस बोलणार कसा? दिवा विझला. दादाने न बघता बटण दाबलं. म्हाताऱ्याचं ‘सोडा आता’ पुसलं गेलं आणि त्या जागी माझी नुसती शांतता भरली गेली.

दादा पोट धरून हसला. म्हणाला, आयुष्यभर ओरडलास आणि ऐन वेळी तोंड शिवलंस. बाहेर बाकडी भरली होती, म्हणून म्हणाला, राहू दे, नंतर भरू, तोवर तूच माइकवरून सोडा म्हणत जा. नाहीतरी श्वास सोडायला कुणाला परवानगी लागते?

११ फेब्रुवारी

मावशी सकाळी बाकावर बसल्या. माझं वाक्य झालं. मग नुसती मशीनची घरघर. मशीन थांबलं तरी त्या उठेनात. मला विचारलं, त्यांचं बोलणं कुठं गेलं. मी हसत हसत सगळं सांगितलं, गाल फुगवूनसुद्धा दाखवले.

मावशी हसल्या नाहीत.

नंतर दादाने सांगितलं. तो म्हातारा म्हणजे मावशींचा नवरा. माझ्या आधी हेच काम करायचा. त्यालाच किडनीची गाठ निघाली, ह्याच मशीनमध्ये, उशिरा. तो जाऊन बराच काळ झाला. घरी त्याचा फोटो आहे, कपडे आहेत. आवाज तेवढा इथेच होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला गेलो. मावशी म्हणाल्या, तू मुद्दाम थोडंच केलंस पोरा. आणि बादली उचलून फरशी पुसायला लागल्या. बादलीत पाणी नव्हतं.

१३ फेब्रुवारी

दुसरं वाक्य भरायला बसलो. आता सोडा. नीट, मोठ्याने, दादाच्या समोर. परत लावून बघितलं तर शांतता. पुन्हा भरलं. शांतता. पहिलं वाक्य खणखणीत, दुसऱ्याच्या जागी काहीच नाही. दादाने मशीनला शिवी हासडली आणि कंपनीला फोन लावला.

दुपारी एक ट्रकवाला आला, रेड्यासारखा धिप्पाड. मी माइकवर बसलो होतो, पण बोळात एका आजींना चक्कर आली म्हणून धावलो. परत आलो तर फोटो कधीच निघालेले, दादा पडद्यात डोकं घालून, आणि काचेपलीकडे ट्रकवाला तसाच. छाती फुगलेली, ओठ जांभळे. मी माइकवर ओरडलो, सोडा. तेव्हा सुटला. खोकून खोकून बेजार झाला. मी म्हटलं, अहो, आपला आपण सोडायचा ना. तो म्हणाला, कसा सोडणार, तू धरून ठेवला होतास.

जाताना माझ्याकडे पाठ केली नाही त्याने. तोंड माझ्याकडे ठेवूनच दारापर्यंत गेला.

१७ फेब्रुवारी

सकाळी लघवी लाल झाली. काल पण झाली होती, वहीत लिहिली नाही. ताई, रागावू नकोस. दादाला गमतीत सांगितलं, तर त्याने कानाला धरून मॅडमपुढे उभं केलं. मॅडमनी पोटाला थंड जेल लावून सोनोग्राफी केली. डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला. तिथेच फिरत राहिला.

उसण नव्हती ती. गाठ आहे म्हणाल्या. पण पाण्याची की दुसरी, ते औषध देऊन स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही. रक्त तपासायला पाठवलंय, किडनीला औषध झेपतं का बघायला. चोवीस तारखेला स्कॅन. गाठ लहान असेल तर तेवढीच काढता येते. अंगावर काढलंस तर जिवावर बेतेल, असं स्पष्ट म्हणाल्या.

म्हणजे आता मी त्या टेबलावर. आणि श्वास रोखा म्हणणार कोण, तर मीच.

१८ फेब्रुवारी

माझा आवाज भरला त्या दिवशी एक शाळेतल्या बाई येऊन गेल्या होत्या. हसऱ्या. त्यांना काही निघालं नाही, साधा खडा. आज त्यांचा नवरा फिल्म न्यायला आला, एकटाच. बाई परवा गेल्या. खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या. मोठा श्वास आत घेतला आणि ताठ झाल्या. नवऱ्याला वाटलं शिंक येतेय. शिंक आलीच नाही. तो माणूस हेच परत परत सांगत होता, की मी शिंकेची वाट बघत बसलो.

त्या दिवशी माइकवर मी होतो का? बाकडी भरलेली — मी खुर्ची आणायला गेलो होतो — त्यांना सोडा म्हटलं होतं का मी —

२० फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला. माझा आवाज काढून टाकला, कंपनीच्या बाईचा घातला, दोन्ही वाक्यं. दादाने पाठीत धपका घातला, म्हणाला भोंगा बंद. मी पण हसलो. जीव भांड्यात पडला.

मग जिन्याखाली बाटली भरायला गेलो, तिथे तो आवाज ऐकला. माझाच. श्वास आत घ्या. रोखून धरा. हलू नका.

घेतला. रोखला. मग सोडता येईना. पाय उचलेनात. बाटली भरून वाहू लागली, पाणी बुटात. सोडा म्हणावं, तर बोलायला वारा बाहेर यायला हवा. ज्याचा श्वास धरलाय त्याला ते म्हणताच येत नाही. दुसऱ्यानेच म्हणावं लागतं, आणि त्या दिवशी माइकसमोर मला कुणी म्हटलंच नव्हतं. डोळ्यांपुढे काजवे.

मावशी आल्या. बघितलं. काही विचारलं नाही. म्हणाल्या, सोड आता. झालं बरं का.

सुटला.

२१ फेब्रुवारी

मावशी जिथे पुसतात तिथे मी. दादा म्हणतो, भोंग्याला आई सापडली. सुट्टी घ्यावी तर खोलीवर एकटा. एकटा मुळीच नको.

आज तो आवाज परत आला. मावशींनी सोडवलं, पण लगेच नाही. आधी मान कलती करून थांबल्या, बोळाच्या टोकाकडे कान लावून. मी काळानिळा. मग म्हणाल्या.

मी विचारलं, एवढा वेळ का लावलात. म्हणाल्या, वाटलं, मी गप्प राहिले तर ते म्हणतील. मीच म्हटलं तर ते कशाला म्हणतील?

ताईला फोन केला. ये म्हटलं. गाठीचं सांगितलं, दुसरं नाही. फोनवर वेडा ठरलो असतो. सव्वीसला पोचतेय. तिला दोन शब्द शिकवायचेत. बाकी काही नको.

२४ फेब्रुवारी

स्कॅन झाला. दादाच्या हातापाया पडून मावशींना माइकवर बसवलं. त्याला वाटलं, घाबरट आहे.

हात डोक्यावर. औषध गेलं तसा अंगभर चटका, तोंडात लोखंडाची चव. कंपनीची बाई म्हणाली रोखा. तिच्या आवाजाखाली माझा आवाज होता. मग बाई म्हणाली सोडा. ते तिच्या रोखण्याचं. माझं नाही.

कड्याच्या आत जे फिरतं त्याची घरघर थांबली. तरी मावशी गप्प. काचेतून दिसत होत्या. मान कलती.

उशीर. फार उशीर. मग म्हणाल्या. रडत म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी

गाठ प्यायली. उजळली. मॅडमनी पडद्यावर दाखवली, किडनीच्या टोकाला, लहान. म्हणाल्या वेळेत सापडली, तेवढीच कापून काढू, किडनी राहील. जगशील म्हणाल्या, तोंडावर.

मावशींना सांगायला धावलो. बरं झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, काल माइकवर बोलले आणि त्यांचा आवाज माझ्या कानातूनही गेला पोरा. आठवायला जाते तर माझाच ऐकू येतो. आता ते शब्द मी नाही म्हणणार.

उद्या ताई. उद्यापर्यंतच —

२६ फेब्रुवारी

ताईची बस आली. फोन आला, चालत येतेय, वळणावर आहे. वही घेऊन बाकावर बसलोय, आल्या आल्या तिला वाचायला देणार. दारावर लाल दिवा. आत पेशंट, दादा, मॅडम. बोळ रिकामा. समोर मावशी, बादली बाजूला —

आला.

घेतला. रोखला.

हात तेवढा चालतोय

मावशी बघतायत. कळलंय त्यांना. मान कलती — कान बोळाच्या टोकाकडे — वाट बघतायत — त्यांची

अक्षर दिसेना

जिन्यावर चपला. तिच्याच. ताई, मला हलवू नकोस. रडू नकोस. ही ओळ आधी. माझं अक्षर तुलाच लागतं. मोठ्याने वाच. सोड आता, झा